मे महिन्याची सुट्टी कुणाची?

पत्राचा सारांश: वाचक मैत्रीण डोंबिवलीच्या, वय ३९. घरीच शिकवण्या घेतात, नवरा खासगी कंपनीत. मुलगा पाचवीत, मुलगी पहिलीत, घरात सासू-सासरे. सासर राजापूर तालुक्यातलं, त्यामुळे दर मे महिन्यात १५ दिवस गाव ठरलेलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बाईंनी वर्गात विचारलं, सुट्टीत कोण कुठे गेलं होतं. कुणी दुबई म्हणालं, कुणी थायलंड, कुणी काश्मीर. मुलगा घरी येऊन म्हणाला, "आपण कुठेच जात नाही." "गावाला गेलो होतो की," असं सांगितल्यावर म्हणाला, "गाव म्हणजे फिरणं नाही." तेव्हापासून यांच्या डोक्यात सिंगापूर घोळतंय. चौघांचा खर्च ४ लाखांच्या घरात जातो, तेवढं कर्ज मिळतंय. नवरा म्हणतो, "कर्ज काढून फिरण्यावाचून काही अडलेलं नाही." सासरे म्हणतात, "मी १९ वर्षांचा होईपर्यंत गाव सोडलं नव्हतं, आणि सोडलं ते बोटीनं." यांना तो टोमणा वाटतो. मुलगी दिवसभर प्रश्न विचारत असते, आणि तिला एकच उत्तर मिळतं, "नंतर सांगते." शेवटी लिहितात: माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. लहानपणी माझ्याकडे तिकिटांची वही होती, रूटवरच्या गावांची नावं पाठ होती. आता मला स्वतःला काही बघावंसं वाटतं का, तेच कळत नाही. कर्ज काढू का? आणि मुलांना जग दाखवण्यात मी कमी पडतेय का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न कर्जाचा आहे. दुसऱ्यांदा वाटलं, मुलाचा. तिसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही लिहिलंय, "गावी मे महिन्यात आम्ही १४ माणसं असतो, त्यामुळे माझा दिवस पाचला सुरू होतो." एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात. मला मात्र तिथून पुढे जाता येईना.

पण आधी कर्जाचं बोलू, कारण ते पटकन संपणारं आहे. कर्ज काढू नका. परदेशी सहल म्हणजे उधळपट्टी, असं माझं अजिबात मत नाही. सवाल हिशोबाचा आहे. ४ लाखांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला साधारण १३,६७० रुपये हप्ता बसतो आणि वर ९२,००० रुपये व्याज जातं. हाच हप्ता तुम्ही आरडीत, म्हणजे बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकत गेलात, तर सव्वादोन ते अडीच वर्षांत ४ लाख हातात येतील. म्हणजे सहल तीच, फक्त अडीच वर्षं उशिरा. तोवर सहलीचे दर वाढतील हे धरून चाला, तरी व्याजापेक्षा ते परवडेल. आणि महिन्याला १३ हजार बाजूला काढणं आत्ताच ओढाताणीचं वाटत असेल, तर तो हप्ता फेडणंही तितकंच ओढाताणीचं झालं असतं. तुमच्या नवऱ्याचं या बाबतीत बरोबर आहे. "काही अडलेलं नाही" या शब्दांत मात्र ते चुकतात, कारण काहीतरी अडलंय म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत.

आता मुलाकडे येऊ. "आपण कुठेच जात नाही" हे वाक्य तुमच्या जिव्हारी लागलं, ते मी समजू शकते. पण तो हे कुठून येऊन म्हणाला ते बघा. वर्गात एकेक जण उठून काहीतरी सांगत होता आणि याची पाळी आली तेव्हा याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. सिंगापूर नाही हे त्याचं दुःख आहे, असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, त्याच्या ओंजळीत गोष्ट नव्हती, हे त्याचं दुःख आहे. या दोन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. तुम्ही त्याला शांतपणे एक प्रश्न विचारा, "आपण गेलो असतो, तर तुला काय बघायचं होतं?" त्यावर तुमच्याकडून लगेच काही बोलू नका, त्याला सांगू दे. माझ्या अनुभवात या वयाच्या मुलांच्या मनात देश वगैरे नसतो. अगदी नेमकं काहीतरी असतं. बहुतेक वेळा ते असतं विमान.

विमानच निघालं तर त्याला ४ लाख लागत नाहीत. उत्तर गोव्यातला मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तो सावंतवाडीपासून जवळ आहे. गावी जाताना एका बाजूचा प्रवास मुंबई ते मोपा विमानानं आणि तिथून सावंतवाडी गाठून रेल्वेनं राजापूर, असा करता येईल. मे महिन्यात भाडी चढतात, म्हणून तिकिटं बरीच आधी काढावी लागतील. रस्ता थोडा उलटा पडेल, आधी पुढे जाऊन मग मागे यायचं. पण त्याला खिडकीतून कोकणचा किनारा वरून दिसेल, आणि ज्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, तो खेळतो ती जमीन आकाशातून कशी असते ते कळेल.

आता त्या पाच वाजताच्या दिवसाकडे.

मी तुमच्या गावी आलेले नाही, पण असा मे महिना मी वर्षानुवर्षं काढलाय. पहाटे चूल किंवा गॅस पेटतो तो चहाला. चहा होतो न होतो तोवर घावनाचं पीठ ढवळायला घ्यायचं. घावन शेवटच्या माणसाच्या ताटात पडेपर्यंत पहिला माणूस आंबे मागतो. मग भात, आमटी, माशांची वाट बघणं, दुपारची भांडी. ऊन उतरलं की रातांबे फोडायला बसायचं, नाहीतर फणसाची साटं उन्हातून आत घ्यायची. आणि मधूनच कुणीतरी ओसरीवरून ओरडतं, "पाहुणे आलेत, चहा टाका." पुरुषमंडळी सातबारा, कुंपण आणि देवळाच्या बैठकीत. मुलं दुपारी अंगणात पोळतात म्हणून माजघरात, आणि माजघरात म्हणजे मोबाइलवर. १५ दिवसांत तुम्ही घराच्या मागच्या विहिरीपलीकडे किती वेळा गेलात? खरं खरं आठवून बघा.

मुलगा म्हणतो "गाव म्हणजे फिरणं नाही", ते तुमच्या घरापुरतं खरं आहे. तुमच्याकडे गाव म्हणजे डोंबिवलीचा ओटा सोडून दुसऱ्या ओट्यापाशी उभं राहणं. १५ दिवस कुणी कुठे फिरलंच नाही, तर मुलगा दुसरं काय म्हणणार?

म्हणूनच तुम्हाला एक विचारते, राग मानू नका. सिंगापूर नेमकं कुणाला हवंय? मला असं दिसतं की हॉटेलची ती खोली तुम्हाला हवी आहे, जिथे सकाळी खाली गेलं की न्याहारी मांडलेली असते आणि कुणी "चहा टाका" म्हणत नाही. तसं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. ३९ वर्षांच्या बाईला वर्षातले पाच दिवस आयतं जेवण हवंसं वाटलं, तर ते मुलांच्या भवितव्याच्या नावाखाली मागायला लागू नये. आपल्याकडे बायका स्वतःची इच्छा मुलांच्या नावावर टाकतात, कारण मुलांच्या नावावर ती मंजूर होते. मग खर्च होतो, दमणूकही होते, आणि मूळ इच्छा कुणी ऐकलेलीच नसते. आधी ती स्वतःशी कबूल करा. मग नवऱ्याशी बोला, पण सिंगापूरबद्दल बोलू नका, पाच वाजताबद्दल बोला. ते सांगताना मागच्या दहा वर्षांचा पाढा नको. सरळ सांगा, "येत्या मे महिन्यात गावी चार दिवस सकाळी मी स्वयंपाकघरात नसणार. न्याहारीचं तू आणि भावजी बघा."

यात एक खबरदारी घ्या. तुमचे चार दिवस जाऊबाईंच्या किंवा सासूबाईंच्या डोक्यावर पडता कामा नयेत. त्यांच्याशी आधी फोनवर बोलून ठेवा, त्यांनाही त्यांचे चार दिवस द्या. गावात भाकऱ्या करून देणारी एखादी बाई मिळतेच, तिला योग्य पैसे द्या. सिंगापूरच्या मानानं तो खर्च कितीसा?

मग त्या चार दिवसांत करायचं काय? ताई, तुमचं सासर ज्या तालुक्यात आहे तिथे लोक लांबून मुद्दाम येतात. तुमच्या पत्रात राजापूर वाचलं आणि मला राहवेना, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कातळशिल्पं तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहेत? सड्यावरच्या जांभ्या दगडात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली चित्रं. गावकऱ्यांना त्यातली काही पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पण रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पायाखाली घालून ती शेकड्यांनी नोंदवली. २०२२ मध्ये कोकणातली अशी काही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली, आणि त्यातली कितीतरी तुमच्या राजापूर तालुक्यात आहेत. कशेळीला एक हत्ती आहे, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या आकारातच इतर प्राण्यांची लहान चित्रं कोरलेली. जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. मुलांना आधी तसंच उभं करा आणि मग मागे मागे न्या. बारसूला एक माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाघ आहेत. आणि देवाचे गोठणे इथे तर मुलाच्या हातात होकायंत्रच द्या, कारण तिथल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. होकायंत्र उत्तर दाखवत नाही, अशी जागा आपल्या गावापासून जवळ आहे, हे ऐकल्यावर कुठला पाचवीतला मुलगा माजघरात बसून राहील?

तिथे भर दुपारी जाऊ नका. मे महिन्यात सडा तव्यासारखा तापतो, आणि ऊन डोक्यावर असताना रेघाही दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, तिरप्या उजेडात खोदकाम उठून दिसतं. गावातलं माहितगार माणूस सोबत घ्या. चित्रांवरून चालू नका, आणि फोटो नीट यावा म्हणून त्यात खडू किंवा चुना भरू नका. पाणी भरपूर न्या, सड्यावर झाड मिळत नाही.

उन्हाळे गावची गंगा, तो अधूनमधून वाहणारा झरा, तर तुम्हाला माहीत असणारच. साधारण तीन वर्षांनी येते आणि काही काळानं जाते, कधी वेळापत्रक चुकवते. तिच्या १४ कुंडांपाशी तुमच्या मुलीला उभं करा. "एरवी पाणी कुठे असतं?" हे ती विचारणारच. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठत जातं आणि ठरावीक पातळीला आलं की एकदम वाहू लागतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. घरी बादली आणि नळी घेऊन ते करून दाखवता येतं. नळी पाण्यानं भरून तिचं एक टोक बादलीत बुडवायचं, दुसरं बाहेर खाली सोडायचं. पाणी आधी वर चढून मग खाली येतं, आणि नळीचं आतलं टोक उघडं पडलं की थांबतं. मुलं हा खेळ तासभर सोडत नाहीत, माझ्या नातवंडांचा अनुभव आहे.

प्रवासाचंही तसंच. रात्रीच्या गाडीनं जातो असं लिहिलंय तुम्ही. एकदा दिवसाच्या गाडीनं जा, दिवा स्टेशनहून सकाळी सुटते तिनं. वेळ जास्त जातो, पण कोकण रेल्वे दिसते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. मुलाच्या हातात घड्याळ द्या, अंधार झाला की वेळ लावायची आणि उजेड आला की थांबवायची. सहा मिनिटं लागली तर गाडी ताशी किती वेगानं गेली? हे गणित तो वहीत न कुरकुरता करेल. रत्नागिरी सोडली की पानवल नदीवरचा पूल येतो, ६४ मीटर उंच, म्हणजे डोंबिवलीत हल्ली उभे राहतात तसा २० मजली टॉवर. ही सगळी वाट सलग सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी तुमचे सासरे गावी कसे जायचे, हे मुलांना माहीत आहे का?

तो बोटीचा टोमणा मला टोमणा वाटलाच नाही. सासऱ्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा प्रवास असणार, आणि घरात कुणी त्याबद्दल त्यांना आजवर विचारलेलं नसणार. म्हातारी माणसं असं अडून सांगतात. कोकणातून मुंबईला आगबोटी जायच्या, बंदरात बोट दूर उभी राहायची आणि पडावातून माणसं तिच्यापर्यंत न्यायची, मग रात्रभराचा प्रवास करून भाऊच्या धक्क्याला उतरायचं. आपण आजही "गाडी लागते" म्हणतो, तशी त्यांच्या वेळी "बोट लागायची". मुलाला आजोबांच्या शेजारी बसवा आणि विचारायला लावा. कुठल्या बंदरातून? तिकीट किती? सोबत काय होतं? बोट लागली का? मुंबई पहिल्यांदा दिसली तेव्हा काय दिसलं? फोनवर ते रेकॉर्ड करा. नंतर एका रविवारी आजोबांना घेऊनच भाऊच्या धक्क्यावर जा. लोकलनं डोंबिवलीहून ते अवघड नाही. वर्गात सांगायची गोष्ट हवी होती ना, ती या घरात १९ वर्षांच्या मुलाच्या रूपात बसलेली आहे.

आता मुलीचं "नंतर सांगते". हे मीही खूप वर्षं केलंय, म्हणून त्याचं मोल मला माहीत आहे. माझी मुलगी सात वर्षांची असताना आम्ही रायगडला गेलो होतो. रोपवेनं वर गेलो. माझ्या यजमानांनी सगळं वाचून आणलं होतं, नगारखाना, बाजारपेठ, जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवरचं, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव. होळीच्या माळाजवळ एक मावशी ताक विकत होत्या. मुलीनं विचारलं, "मावशी, तुम्ही पण पाळण्यातून आलात?" मावशी हसल्या, "नाय गं पोरी, चालत. पहाटेच निघते." "रोज?" "रोज." "किती वर्षं?" मावशींनी बोटं मोजली, "लगीन झाल्यापासून. वीस झाली असतील." मी मुलीचा हात ओढत होते, कारण अजून जगदीश्वर व्हायचं होतं. सुदैवानं यजमान म्हणाले, "थांब, विचारू दे तिला." आम्ही तिथे पाऊण तास बसलो. मावशींनी तिला टाचांवरच्या भेगा दाखवल्या, रवी दाखवली, ताक पातळ कधी करायचं नाही ते सांगितलं. घरी आल्यावर तिनं पावसाळा सोडून वर्षाचे २०० दिवस धरले आणि वहीत लिहिलं, मावशी ४००० वेळा रायगड चढल्या. आज ती ३१ वर्षांची आहे. जगदीश्वराचं तिला धूसर आठवतं. त्या टाचा तिला अजून जशाच्या तशा आठवतात, आणि गडावर गेली की ती आधी ताक विकणाऱ्या बाईशेजारी जाऊन बसते.

दिवसभरातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणं शिकवण्या आणि स्वयंपाक सांभाळून कुणालाच शक्य नाही. पण "नंतर" ला एक वार आणि वेळ देता येते. एक साधी वही घ्या, फ्रिजवर दोरीनं बांधा. प्रश्न आला की तिच्या हातानं वहीत, तिला लिहिता येत नसेल तिथे चित्र. रविवारी सकाळी चहाच्या वेळी ती वही उघडायची, तीन प्रश्न घ्यायचे, बाकीचे राहू देत. लगेच फोन काढून उत्तर शोधायचं नाही. आधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा, आजी-आजोबांनीही. मग ज्याला ते ठाऊक असेल अशा माणसाकडे जायचं. चाकाला आरे का असतात हे सायकलवाल्याला, मेथीच्या जुडीला चिखल का असतो हे भाजीवाल्या मावशींना. आणि "मला माहीत नाही" हे उत्तर अधूनमधून मोकळेपणानं द्या. आईलाही माहीत नसतं आणि तरी ती शोधते, हे मुलीनं पाहिलेलं बरं.

जवळपासचंही थोडं सांगते, कारण गाव वर्षातून एकदाच येतं. तुमच्यापासून लोकलच्या थोड्याच अंतरावर अंबरनाथचं शिवमंदिर आहे, शिलाहारांच्या काळातलं. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे सन १०६०. कल्याण तर तुमच्या शेजारीच. सातवाहनांच्या काळात जुन्नरहून नाणेघाट उतरून माल याच कल्याण बंदराकडे यायचा, आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून उभा आहे. एका शनिवारी अंबरनाथ, पुढे कधीतरी हिवाळ्यात नाणेघाट. महिन्यातून एकच वेळ ठरवा, पण ती मोडू नका. आणि दिवसाला एकच ठिकाण. दोन ठिकाणं केलीत की मधला वेळ घाईत जातो, आणि मुलांना नेमका मधला वेळ आवडतो.

सिंगापूर सोडा असं मी म्हणत नाही. आरडी सुरू करा आणि मुलांना सांगून करा. "आत्ता आपल्याकडे तेवढे पैसे नाहीत, जमवतोय" हे पाचवीतल्या मुलाला नीट समजतं. पैसे नाहीत हे त्याच्यापासून लपवलं, तर त्याला वाटतं आपल्यात काहीतरी कमी आहे. भिंतीवर नकाशा लावा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे का? सगळी मुंबई आणि उपनगरं मिळून होतात त्याहून थोडाच मोठा देश, तिथे चार राजभाषा आणि त्यातली एक तमिळ, ती कशी? विषुववृत्ताजवळ राहिलं तर दिवस लहानमोठा होतो का? अडीच वर्षं हे प्रश्न वहीत साठू देत. तोवर मुलगी चौथीच्या आसपास असेल, तिलाही सगळं लक्षात राहील. मुलांचे पासपोर्ट मात्र आत्ताच घाईनं काढू नका, लहान मुलांना तो पाच वर्षांचाच मिळतो. आणि जाल तेव्हा पाच दिवस पाच वेळा आपलं पनीर आणि दालफ्राय देणारी सहल घेऊ नका. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, साध्या माणसांच्या खाण्याच्या ठिकाणी, दोन वेळा तरी जेवा. तिथलं जेवण कुणी बनवलं, किती वाजता उठून बनवलं, हे विचारायला तुम्हाला आवडेल, याची मला खात्री आहे.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, मला काही बघावंसं वाटतं का तेच कळत नाही. ज्या मुलीला एस.टी.च्या रूटवरची गावं क्रमानं पाठ होती, तिची हौस अशी नाहीशी होत नाही. तिला फक्त गेली बारा वर्षं खिडकीची जागा मिळालेली नाही. मुलांना खिडकी द्यायची आणि आपण कडेला पिशव्या सांभाळत बसायचं, हे आपण सगळ्याच करतो.

म्हणून एक दिवस फक्त तुमचा काढा. घरच्यांना आधी सांगून ठेवा, डबा करून ठेवायचा नाही. मुलीला सोबत घ्या आणि एस.टी.त बसा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वयाच्या मुलांनाही अर्धं. पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, हे तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगितलं असेलच, ते तिला सांगा. कंडक्टर काय करतो, डबल बेल म्हणजे काय, वडिलांच्या हातातला तिकिटांचा ट्रे आणि पंच कसा होता, आता मशिनमधून कागद कसा निघतो. जुन्या तिकिटावर भोक कुठे पडायचं आणि का, हे डोंबिवलीत तिला तुमच्याइतकं कोण सांगू शकेल? एक दिवस जमला तर पुढे चार दिवसांचा "आवडेल तेथे प्रवास" पास काढा, साताऱ्याकडे माहेरच्या रस्त्यावर जा, आणि प्रत्येक स्टॉपला ती विचारायच्या आत पुढच्या गावाचं नाव सांगा. किती आठवतात ते मला जरूर कळवा.

आणि ती तिकिटांची वही माहेरी कपाटात अजून असेल, तर येताना घेऊन या.